कवटीचं झाकण

डोक्याला जबर मार लागलेल्या पेशंटच्या नातेवाइकांना आयसीयूच्या दारात एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: “मेंदूला सूज आहे, ७२ तास काही सांगता येणार नाही.” ऐकणाऱ्याच्या मनात येतं, सूजच ना? पाय मुरगळला की घोटाही सुजतो आणि चार दिवसांत ओसरतो. पण घोट्याला सुजायला जागा असते. मेंदू हाडाच्या बंद पेटीत असतो. तिथे सूज वाढायला लागली की काही तासांत माणूस हातचा जाऊ शकतो.

मग कधीकधी डॉक्टर दुसरं वाक्य बोलतात: “कवटीचा एक तुकडा काढून ठेवावा लागेल.” पंजाएवढा हाडाचा तुकडा कापून बाजूला ठेवायचा, मेंदूला बाहेरच्या बाजूला फुगायला वाव द्यायचा, वरून त्वचा शिवून टाकायची आणि सूज ओसरल्यावर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी हाड परत बसवायचं. या ऑपरेशनला डिकम्प्रेसिव्ह क्रेनिएक्टमी म्हणतात. कल्पना शाळकरी पोरालाही पटेल अशी आहे. दूध उतू जायला लागलं की आपण झाकण काढतो, तसंच.

पण पटणारी गोष्ट खरी असतेच असं नाही. या ऑपरेशनने माणसं वाचतात का, आणि वाचली तर पुढे कशी जगतात, याचं मोजूनमापून दिलेलं उत्तर मिळायला एकविसावं शतक उजाडावं लागलं. आणि जे उत्तर मिळालं, ते ऑपरेशनच्या बाजूच्यांना पुरतं आवडणारं नव्हतं आणि विरोधकांनाही नव्हतं.

बंद पेटीचा हिशेब

कवटीला भोक पाडणं ही माणसाने केलेल्या सगळ्यात जुन्या शस्त्रक्रियांपैकी एक. पेरूमध्ये अशा कवट्या मोठ्या संख्येने सापडल्या आहेत. आपल्याकडे काश्मीरमधल्या बुर्झहोमच्या नवाश्मयुगीन वस्तीत भोकं पाडलेली कवटी मिळाली. बौद्ध विनयपिटकात जीवक वैद्याची गोष्ट येते. राजगृहातल्या एका व्यापाऱ्याची कवटी उघडून त्याने आतून दोन किडे काढले, असं ती सांगते. पण आत दाब वाढतो म्हणजे नेमकं काय होतं, हे समजायला अठरावं शतक संपत आलं.

१७८३ साली एडिंबरामधले शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक अलेक्झांडर मन्रो यांनी एक साधा मुद्दा मांडला. कवटी कडक आहे, मेंदू दाबून लहान होत नाही, त्यामुळे आत मावणारा एकूण ऐवज कायम राहिला पाहिजे. त्यांचे विद्यार्थी जॉर्ज केली यांनी १८२४ मध्ये शवविच्छेदनांच्या आधारे तोच मुद्दा पुढे नेला. पुढे त्यात मेंदूभोवतीच्या पाण्याचाही समावेश झाला आणि आज मेडिकलच्या पोरांना ‘मन्रो-केली सिद्धांत’ म्हणून तो पाठ करावा लागतो.

हिशेब असा: प्रौढ माणसाच्या कवटीत ढोबळमानाने ८० टक्के मेंदू, १० टक्के रक्त आणि १० टक्के पाणी. यातलं एक वाढलं की दुसऱ्या कशाला तरी जागा सोडावी लागते. आधी पाणी खाली मणक्याच्या नळीत सरकतं, मग शिरांमधलं रक्त बाहेर ढकललं जातं. तोवर पेशंट बोलतही असतो. ही सोय संपली की दाब झपाट्याने चढतो. तो इतका चढतो की हृदयाने वर पाठवलेलं रक्त मेंदूत शिरूच शकत नाही. शेवटी मेंदूच कवटीच्या तळाच्या भोकाकडे ढकलला जातो आणि तिथे श्वास चालवणारं केंद्र चिरडतं.

म्हणजे पहिल्या इजेतून वाचलेला मेंदू दुसऱ्यांदा मरतो, तो जागा नाही म्हणून. डॉक्टरांची सगळी झटापट या दुसऱ्या मरणाशी असते.

बर्नमधला प्रयोग

स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात थिओडोर कोखर नावाचे सर्जन होते. १९०९ चं नोबेल त्यांना थायरॉइडवरच्या कामासाठी मिळालं, पण १९०१ मध्ये त्यांनी मेंदूवरच्या दाबाविषयीही एक ग्रंथ लिहिला होता. दाब वाढला असेल तर कवटी उघडावी, असं त्यांचं म्हणणं. त्याच सुमारास अमेरिकेतून आलेला एक तरुण सर्जन त्यांच्याकडे काम करत होता, हार्वी कुशिंग. त्याने प्राण्यांवर प्रयोग करून दाखवलं की कवटीतला दाब वाढला की शरीर रक्तदाब वाढवून त्याला टक्कर द्यायला बघतं. वर चढलेलं बीपी आणि मंदावलेली नाडी ही धोक्याची जोडी आजही ‘कुशिंग’ याच नावाने ओळखली जाते. परत जाताना कुशिंग इटलीतल्या पाव्हियात थांबला, तिथे रिव्हा-रोच्ची यांचं बीपी मोजायचं नवं यंत्र त्याने पाहिलं आणि ते बाल्टिमोरला नेलं.

त्यानंतर काही वर्षांतच कुशिंग कानाच्या वरच्या बाजूचं हाड काढून मेंदूला मोकळीक देऊ लागला, आधी न निघणाऱ्या गाठींसाठी आणि मग डोक्याला मार लागलेल्यांसाठी. त्या काळी आत काय चाललंय हे दिसायची सोयच नव्हती. एक्स-रेमध्ये हाड दिसायचं, मेंदू नाही. सर्जन अंदाजाने भोक पाडायचे आणि रक्त सापडतं का बघायचे. ही परिस्थिती बदलली १ ऑक्टोबर १९७१ रोजी, लंडनच्या विम्बल्डन भागातल्या हॉस्पिटलमध्ये एका पेशंटच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन झाला तेव्हा.

भारतात न्यूरोसर्जरीचा पहिला विभाग वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये १९४९ साली डॉ. जेकब चंडी यांनी सुरू केला. आपल्याकडचे सुरुवातीचे न्यूरोसर्जनही हाताने पाडलेल्या भोकांच्या आणि नजरेच्या अंदाजाच्या काळातच तयार झाले.

उत्साह आणि माघार

१९६० मध्ये स्वीडनच्या निल्स लुंडबर्ग यांनी मेंदूत बारीक नळी घालून आतला दाब तासन्‌तास मोजत राहण्याची पद्धत पक्की केली. आता आकडा समोर होता. साधारण १५ मिलिमीटर पाऱ्यापर्यंत ठीक, २० च्या वर काळजी. आकडा समोर दिसला की तो खाली आणावासा वाटणारच. सत्तरच्या दशकात सर्जनांनी मोठमोठे हाडाचे भाग काढून पाहिले, कधी कपाळाच्या दोन्ही बाजूंचे, कधी अर्ध्या डोक्याचे. निकाल निराशाजनक होते. बहुतेक पेशंट गेले. त्यात १९७९ मध्ये प्रयोगशाळेतून एक त्रासदायक निष्कर्ष आला. हाड काढल्यावर त्या बाजूच्या मेंदूतली सूज उलट वाढते, असं प्राण्यांमध्ये दिसलं. ऑपरेशन जवळपास अडगळीत गेलं.

याच दशकात ग्लासगोमध्ये तीन गोष्टी घडल्या, ज्यांच्याशिवाय पुढची कथा सांगताच येणार नाही. १९७४ मध्ये ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी बेशुद्धी मोजायची पट्टी दिली, ग्लासगो कोमा स्केल. डोळे, बोलणं, हालचाल, मिळून ३ ते १५ गुण. आयसीयूबाहेर डॉक्टर ‘जीसीएस पाच आहे’ म्हणतात तो हाच. पुढच्याच वर्षी जेनेट आणि मायकेल बाँड यांनी दुसरी पट्टी दिली, जी कमी प्रसिद्ध असली तरी माझ्या मते जास्त महत्त्वाची आहे. ती मोजते पेशंट पुढे कसा जगतोय ते: मृत्यू, व्हेजिटेटिव्ह अवस्था, गंभीर अपंगत्व, मध्यम अपंगत्व, चांगली सुधारणा.

तिसरी गोष्ट म्हणजे यातला दुसरा शब्द. १९७२ मध्ये जेनेट आणि अमेरिकेतले फ्रेड प्लम यांनी ‘पर्सिस्टंट व्हेजिटेटिव्ह स्टेट’ ही अवस्था नाव देऊन वर्णन केली. डोळे उघडतात, झोप-जाग चालू असते, श्वास आपला आपण चालतो, पण आत कोणी आहे याची काहीच खूण मिळत नाही. व्हेंटिलेटर आणि आयसीयूने माणसांना मरणापासून परत आणायला सुरुवात केली होती, आणि काही जण अर्ध्या वाटेवरच थांबत होते.

तीस वर्षांचा समज आणि एक ट्रायल

पुढे जाण्याआधी एक वळण घ्यायला हवं, कारण त्याशिवाय ट्रायलचा एवढा आग्रह कशासाठी हे कळणार नाही.

सूज म्हटलं की स्टेरॉइड. मेंदूतल्या गाठीभोवतीची सूज स्टेरॉइडने उतरते, हे साठच्या दशकापासून माहीत होतं. मग डोक्याला मार लागल्यावरही ते द्यायला लागले. जगभर, वर्षानुवर्षं. तर्क चोख होता आणि देणाऱ्यांना अनुभवाने फायदा ‘दिसत’ होता. लहान-लहान अभ्यास झाले होते, पण त्यातून काहीच ठरत नव्हतं. अखेर ‘क्रॅश’ नावाची प्रचंड ट्रायल उभी राहिली. पेशंटला खरं स्टेरॉइड मिळणार की नुसतं सलाइनसारखं द्रव, हे नशिबावर सोडलेलं, आणि देणाऱ्यालाही ठाऊक नाही. २० हजार पेशंट घ्यायचे ठरले होते. १०,००८ वर २००४ मध्ये ती थांबवावी लागली. दोन आठवड्यांत स्टेरॉइड मिळालेल्यांपैकी २१.१ टक्के दगावले होते आणि न मिळालेल्यांपैकी १७.९ टक्के.

फरक तीन टक्क्यांचा. एखाद्या डॉक्टरला आयुष्यभरात तो नजरेने कधीच दिसला नसता. पण जगभरात दरवर्षी डोक्याच्या इजा होणाऱ्यांच्या संख्येला त्या तीन टक्क्यांनी गुणून पाहा. चांगल्या हेतूने, चोख तर्काने, आदरणीय हातांनी दिलेलं औषध माणसं मारत होतं.

तर्क आणि अनुभव औषधाच्या बाबतीत इतका दगा देऊ शकतात, तर सर्जरीच्या बाबतीत का देणार नाहीत? पण सर्जरीची ट्रायल भलती अवघड. गोळी खोटी देता येते, कवटी खोटी कशी उघडणार? शिवाय समोर वीस वर्षांचा मुलगा मरणाच्या दारात असताना सर्जनने म्हणायचं, ‘ऑपरेशन करायचं की नाही ते आपण कॉम्प्युटरच्या चिठ्ठीवर सोडू.’ हे म्हणायला स्वतःच्या ज्ञानाविषयी फार प्रामाणिक शंका असावी लागते. नातेवाइकांकडे त्याची परवानगी मागणं त्याहून कठीण. २००१ मध्ये मेलबर्नच्या मुलांच्या हॉस्पिटलमधून प्रसिद्ध झालेल्या पहिल्या छोट्या ट्रायलमध्ये अवघी २७ मुलं होती, आणि ती जमवायला अनेक वर्षं लागली होती. निकाल मात्र ऑपरेशनच्या बाजूने झुकणारा. नव्वदच्या दशकापासून अडगळीतून पुन्हा बाहेर आलेल्या ऑपरेशनला त्याने बळ मिळालं.

डेक्रा: दाब उतरला, पण…

२०११ च्या वसंतात ‘डेक्रा’ या ट्रायलचे निकाल आले. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि सौदी अरेबियातले १५५ प्रौढ पेशंट, जमवायला सुमारे आठ वर्षं. अट अशी की नेहमीचे पहिल्या पायरीचे उपचार देऊनही एका तासात मिळून १५ मिनिटांहून जास्त वेळ दाब २० च्या वर राहिला, तर पेशंट ट्रायलमध्ये. अर्ध्यांचं कपाळाकडचं मोठं हाड काढलं, अर्ध्यांना औषधोपचार चालू ठेवले.

दाब उतरला. पेशंट आयसीयूतून लवकर बाहेर आले. इथवर सगळं कल्पनेप्रमाणे. सहा महिन्यांनी मोजलं तेव्हा मृत्यू दोन्हीकडे जवळपास सारखे निघाले, १९ आणि १८ टक्के. पण वाईट परिणाम, म्हणजे मृत्यू, व्हेजिटेटिव्ह अवस्था किंवा गंभीर अपंगत्व, हे ऑपरेशन झालेल्यांत ७० टक्के आणि न झालेल्यांत ५१ टक्के.

न्यूरोसर्जन मंडळी खवळली, आणि त्यांचे आक्षेप पोकळ नव्हते. पहिला आक्षेप: ऑपरेशनच्या गटात दोन्ही बाहुल्या प्रकाशाला दाद न देणारे पेशंट २७ टक्के होते, दुसऱ्या गटात १२ टक्के. म्हणजे चिठ्ठीनेच एका गटाच्या पदरात जास्त गंभीर पेशंट टाकले होते. त्याचा हिशेब धरल्यावर दोन गटांतला फरक पक्का राहत नव्हता. दुसरा आक्षेप जास्त मूलभूत: १५ मिनिटं दाब २० च्या वर गेला म्हणून कोण लगेच हाड काढतं? ही तर शेवटची पायरी. डेक्राने प्रश्न विचारला होता ‘लवकर हाड काढावं का?’ आणि त्याचं उत्तर ‘नको’ असं आलं. ‘सगळे उपाय हरल्यावर काढावं का?’ हा प्रश्न तसाच उरला.

शंभरातले बावीस

तो प्रश्न केंब्रिजमधून चाललेल्या ‘रेस्क्यू-आयसीपी’ या ट्रायलने विचारला. २० देश, ४०८ पेशंट, २००४ ते २०१४ अशी दहा वर्षं. इथे दाब २५ च्या वर, निदान तासभर, आणि तोही आधीच्या दोन पायऱ्यांचे उपाय करून झाल्यानंतर. मग एका गटाला ऑपरेशन आणि दुसऱ्याला औषधोपचार, गरज पडल्यास मेंदूला जवळपास निजवून टाकणारी बार्बिट्युरेट औषधंसुद्धा.

२०१६ मध्ये निकाल आले. सहा महिन्यांनी ऑपरेशन झालेल्यांपैकी २६.९ टक्के दगावले होते, न झालेल्यांपैकी ४८.९ टक्के. हा फरक कोणालाही वाद घालता येणार नाही इतका मोठा होता. शिवाय औषधांच्या गटातल्या एक तृतीयांशाहून जास्त पेशंटची तब्येत ढासळल्यावर डॉक्टरांनी अखेर ऑपरेशन केलंच होतं, त्यामुळे खरा फरक आणखी मोठाही असू शकेल.

पण ही ट्रायल ग्लासगोची ती दुसरी पट्टी हातात धरून बसली होती. व्हेजिटेटिव्ह अवस्थेत असलेले: ऑपरेशनच्या गटात ८.५ टक्के, औषधांच्या गटात २.१ टक्के. सर्वस्वी दुसऱ्यावर अवलंबून असलेले: २१.९ आणि १४.४. निदान घरातल्या घरात स्वतःचं स्वतः करू शकणारे: १५.४ आणि ८. मध्यम अपंगत्व असलेले: २३.४ आणि १९.७. पूर्ण चांगली सुधारणा झालेले: ४ आणि ६.९.

संशोधकांनी हे आकडे सामान्य माणसाला समजतील असे मांडले, आणि वैद्यकीय निबंधांत इतकं सरळ बोलणं क्वचित वाचायला मिळतं. असे शंभर पेशंट घ्या. औषधांऐवजी ऑपरेशन केलं, तर २२ जास्त माणसं जगतील. त्या २२ पैकी ६ व्हेजिटेटिव्ह अवस्थेत असतील. ८ जण घरातही दुसऱ्यावर अवलंबून असतील. आणि ८ जण किमान घरापुरते तरी स्वतंत्र असतील.

आता त्या आयसीयूच्या दारात परत जा. डॉक्टरने हाड काढायची परवानगी मागितली आहे. तुमच्या माणसाला या बावीसांत आणायचं का? आणि आणलं, तर तो त्यातल्या कुठल्या आठांत किंवा सहांत असेल, हे आत्ता कोणीच सांगू शकत नाही. त्याला विचारता येत नाही. विचार करायला तास-दोन तास आहेत. ‘काहीही करा पण वाचवा’ हे वाक्य आपल्या तोंडून आपोआप निघतं. त्यातल्या ‘वाचवा’ या शब्दाचे पाच वेगवेगळे अर्थ असू शकतात, हे या ट्रायलने टेबलावर मांडून दाखवलं.

गोष्ट इथे संपली असती तर फार काळी ठरली असती. पण संशोधक त्या पेशंटच्या मागे राहिले. वर्षभराने बघितलं, तर घरापुरते स्वतंत्र किंवा त्याहून बरे असलेले ऑपरेशनच्या गटात ४५.४ टक्के झाले होते, दुसऱ्या गटात ३२.४. २०२२ मध्ये दोन वर्षांचे निकाल प्रसिद्ध झाले, तेव्हा दिसलं की ऑपरेशन झालेल्यांमध्ये सुधारणा पुढेही चालू राहण्याची शक्यता जास्त होती. सहा महिन्यांच्या परीक्षेत नापास झालेले काही जण दोन वर्षांनी पास झाले होते. जखमी मेंदूला वेळ लागतो, आणि तो वेळ मिळण्यासाठी फिजिओथेरपी, नीट नर्सिंग आणि घरात कोणीतरी सतत हजर असावं लागतं.

पक्षाघातात काय झालं

अपघाताशिवायही मेंदू असा सुजतो. मेंदूच्या एका बाजूची मुख्य रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली, तर तो अख्खा भाग सुजून दुसऱ्या बाजूला ढकलू लागतो. उत्तम आयसीयू असूनही यातले बहुतांश पेशंट दगावत. युरोपातल्या तीन ट्रायलचे मिळून ९३ पेशंट २००७ मध्ये एकत्र मोजले गेले. सगळे ६० वर्षांच्या आतले, ऑपरेशन ४८ तासांच्या आत. जगले: ऑपरेशनने ७८ टक्के, त्याशिवाय २९ टक्के. एवढा मोठा फायदा वैद्यकात फार थोड्या उपचारांनी दाखवला आहे. इथेही जास्त जगलेल्यांपैकी बऱ्याच जणांना आधाराशिवाय चालता येत नव्हतं. २०१४ मध्ये ६० च्या वरच्या पेशंटवर तशीच ट्रायल झाली. मृत्यू ७० टक्क्यांवरून ३३ वर आले, पण वाचलेल्यांत अपंगत्वातून पूर्ण सुटलेला एकही नव्हता.

तरीही एक गोष्ट नोंदवायला हवी. अशा ट्रायलमध्ये नंतर पेशंटना किंवा नातेवाइकांना विचारलं गेलं, की हे सगळं आधी माहीत असतं तर तुम्ही होकार दिला असता का? बहुतेकांनी ‘हो’ म्हटलं. धडधाकट माणूस अपंग आयुष्याची जी कल्पना करतो, ती ते आयुष्य जगणाऱ्याच्या अनुभवाशी जुळतेच असं नाही. निर्णय घेणारे मात्र त्या क्षणी बहुधा धडधाकटच असतात.

ताजं संशोधन आणखी बारीक प्रश्नांकडे वळलं आहे. मेंदूच्या आवरणाखाली साठलेलं ताजं रक्त काढताना हाड लगेच परत बसवावं की बाहेर ठेवावं? २०२३ च्या ‘रेस्क्यू-एएसडीएच’ ट्रायलमध्ये ४५० पेशंटवर हे पाहिलं गेलं. वर्षभरानंतरची स्थिती दोन्हीकडे सारखीच निघाली. हाड बसवलेल्यांपैकी थोड्या जास्त जणांना पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं, हाड न बसवलेल्यांत जखमेचे त्रास जास्त झाले. मेंदू फुगलेला नसेल आणि हाड सहज बसत असेल तर बसवून टाका, असा त्यातून निघणारा व्यवहारी धडा.

आपल्या आयसीयूत

युरोपातल्या ट्रायलचे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. तिथे दाब मोजायची नळी गृहीत धरलेली असते. आपल्या कितीतरी हॉस्पिटलांत ती नसते. सर्जन सीटी स्कॅन, बाहुल्या आणि जीसीएस बघून ठरवतात. हे सरसकट मागासपण समजायचं कारण नाही. बोलिव्हिया आणि एक्वाडोरमध्ये ३२४ पेशंटवर झालेल्या, २०१२ च्या एका ट्रायलमध्ये नळी वापरून केलेले उपचार आणि वारंवार तपासणी व स्कॅन करून केलेले उपचार यांच्या निकालांत फरक सापडला नाही. यंत्राइतकीच, दर तासाला बाहुल्या बघणारी नर्स महत्त्वाची.

काढलेलं हाड ठेवायचं कुठे, हाही प्रश्न. मोठ्या ठिकाणी खास फ्रीझर असतो. नाही तिथे सर्जन पेशंटच्याच पोटाच्या त्वचेखाली खिसा करून हाड त्यात ठेवतात. स्वतःचं हाड, स्वतःच्या शरीरात, निर्जंतुक आणि फुकट. काही महिन्यांनी ते काढून परत जागेवर बसवतात. तोवर डोक्याच्या त्या बाजूला फक्त कातडी असते आणि घरच्यांना सांगितलेलं असतं, या बाजूला धक्का लागू देऊ नका.

खरा फरक मात्र हॉस्पिटलनंतर सुरू होतो. ‘घरापुरता स्वतंत्र’ हा कागदावरचा शब्द तिसऱ्या मजल्यावरच्या, लिफ्ट नसलेल्या खोलीत वेगळा असतो. आपल्याकडे पुनर्वसनाची केंद्रं मोजक्या शहरांत आहेत. बाकी ठिकाणी ते काम आई, बायको किंवा बहीण करते, आणि बहुतेकदा त्यासाठी तिची नोकरी सुटते. ट्रायलच्या कुठल्याच कोष्टकात तिचा रकाना नसतो.

व्हेजिटेटिव्ह अवस्थेचा अर्थ मुंबईला वेगळा शिकवावा लागत नाही. नोव्हेंबर १९७३ मध्ये, जेनेट आणि प्लम यांनी त्या अवस्थेला नाव दिल्यानंतर वर्षभराने, केईएम हॉस्पिटलमधल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर पाशवी हल्ला झाला. गळा आवळल्यामुळे मेंदूचा प्राणवायू तुटला. इजा वेगळ्या प्रकारची होती, पण पोहोचल्या त्या अशाच अवस्थेत. १८ मे २०१५ पर्यंत, ४१ वर्षांहून जास्त काळ, केईएमच्या परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली. त्यांच्याच प्रकरणात ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे उपचार थांबवण्याची मागणी फेटाळली, पण ठरावीक अटींवर निष्क्रिय इच्छामरणाची वाट पहिल्यांदा मोकळी केली. ९ मार्च २०१८ च्या निकालाने वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे लिव्हिंग विलला, मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची किचकट प्रक्रिया सोपी केली. ‘माझी ही अवस्था झाली तर काय करायचं’ हे आता कुणीही सज्ञान माणूस आधी लिहून ठेवू शकतो. आयसीयूच्या दारातल्या त्या दोन तासांत असा कागद किंवा निदान घरात कधीतरी झालेलं तसं बोलणं, एवढाच आधार असू शकतो.

सर्जनचं सर्वांत मोठं काम

कुशिंगच्या विद्यार्थ्यांत ऑस्ट्रेलियात वाढलेले ह्यू केर्न्स नावाचे एक सर्जन होते. मे १९३५ मध्ये इंग्लंडच्या एका गावरस्त्यावर सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना एक मोटरसायकलस्वार पडला. तो टी. ई. लॉरेन्स होता, ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून जगाला माहीत असलेला. केर्न्स त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांपैकी एक. सहा दिवसांनी, ४६ व्या वर्षी लॉरेन्स गेला. केर्न्सना काहीच करता आलं नाही.

त्यांनी त्यानंतर मोटरसायकलवरच्या डोक्याच्या इजांच्या नोंदी गोळा करायला घेतल्या आणि १९४१ मध्ये त्यावर निबंध लिहिला. निष्कर्ष साधा होता: हेल्मेट घाला. दुसरं महायुद्ध चालू होतं, लष्कराचे निरोपे मोटरसायकलवरून धावत होते आणि शत्रूची गोळी न लागताच मरत होते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटिश लष्कराने मोटरसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. नंतर केर्न्सनी महिन्यागणिक मृत्यूंचे आकडे मांडून ते कसे घसरले हे दाखवलं. सामान्य नागरिकांसाठी ब्रिटनमध्ये हा कायदा व्हायला मात्र १९७३ उजाडलं. तोवर केर्न्सना जाऊन वीसहून जास्त वर्षं झाली होती.

भारतात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. केंद्र सरकारच्याच अहवालानुसार त्यातल्या सुमारे ५० हजार जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. हा आकडा फक्त गेलेल्यांचा. बावीसातल्या सहांसारखे आणि आठांसारखे किती घरोघरी पडून आहेत, ते यात नाही. पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे निघाले, त्यांच्या तक्रारी ऐकल्या तर त्या अगदीच खोट्या नसतात. उकडतं, मान अवघडते, शहरात वेगच कुठे असतो. पण रस्त्यावर डोकं आपटायला मोठा वेग लागत नाही.

शंभर वर्षांहून जास्त काळ हुशार माणसांनी सुजलेल्या मेंदूला जागा कशी करून द्यावी यावर डोकं घातलं. त्यांनी आपल्याच आवडत्या ऑपरेशनला चिठ्ठ्या टाकून परीक्षेला बसवलं आणि आलेला निकाल आवडला नाही तरी छापला. त्यातून आज इतकं नक्की कळलं आहे की लवकर हाड काढण्यात फायदा नाही, सगळे उपाय हरल्यावर काढलं तर जीव वाचतो, आणि वाचलेल्या जिवाचं पुढे काय होईल याची खात्री नाही. पुढच्या वेळी डॉक्टर हाड काढायची परवानगी मागतील, तेव्हा त्यांना विचारायचा प्रश्न त्यामुळे बदलला आहे. ‘वाचेल का?’ हे विचाराच. त्याच्या पाठोपाठ ‘वाचला तर वर्षभराने कसा असेल?’ हेही विचारा, आणि ‘सांगता येत नाही’ असं उत्तर आलं तर डॉक्टर टाळाटाळ करताहेत असं समजू नका. आज उपलब्ध असलेलं ते सगळ्यात खरं उत्तर आहे.

आणि गाडीची किल्ली उचलताना हेल्मेटही उचला. हाडाच्या पेटीवर बाहेरून घालायचं ते दुसरं झाकण आहे, आणि ते काढायला सर्जन लागत नाही.